लिनक्स टाकायचं ठरलं, पण कोणतं? आधी सॉफ्टवेअरची यादी काढा, मग डिस्ट्रो ठरवा

सध्या नागपुरात जो तो विचारून राहिला, भाऊ कोणतं लिनक्स टाकू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या या फुकट सिस्टिमची उबुंटू, मिंट, फेडोरा अशी जी तयार रूपं आहेत, त्यातली कोणती डिस्ट्रो घेऊ. कारण उघड आहे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अन् ज्यांच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा आहे त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळतच नाही. मशीन तर धडधाकट आहे, चार-आठ जीबी रॅम आहे, एसएसडी टाकली की उडते, मग फेकायची काहून?

तर विचारलं की उत्तरं येतात ती अशी, की अमुक दिसायला भारी आहे, तमुक हलकं आहे, ढमुक हॅकर लोक वापरतात. दिसण्याचं काय हो, डेस्कटॉप कुठल्याही डिस्ट्रोवर बदलता येतो, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन सगळे सगळीकडे कमीजास्त बसतात. जे सहजासहजी बदलता येत नाही ते म्हणजे सॉफ्टवेअर कुठून येते, कोणतं व्हर्जन येते अन् त्याचे अपडेट कोण देते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या कामाची जास्तीत जास्त सॉफ्टवेअरं ज्या डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून सरळ मिळतात, बाहेरून कमीत कमी आणावं लागते, ती डिस्ट्रो तुमची. बाकी सगळं नंतर.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेज म्हणून येते, अन् ही पॅकेजेस डिस्ट्रोवाल्यांनी तपासून, एकमेकांशी जुळवून एका जागी ठेवलेली असतात, त्याला रेपो म्हणतात, म्हणजे रिपॉझिटरी. तुम्ही पॅकेज मॅनेजरला सांगायचं, तो तिथून आणतो, त्याला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी, म्हणजे जोड फाइली, पण आणतो, अन् अपडेट पण तोच करतो. डेबियन, उबुंटू, मिंटमध्ये हा मॅनेजर एपीटी, फेडोरात डीएनएफ, ओपनसूसेत झिपर, आर्चमध्ये पॅकमॅन. विंडोजसारखं गुगलवर शोधा, सेटअप फाइल उतरवा, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करा, ही सवय आधी सोडा, अर्धे घोळ तिथूनच होतात.

पायरी १: कागदावर यादी

मोबाइलमध्ये नाही, कागदावर काढा. डाव्या बाजूला काम लिहा, सॉफ्टवेअरचं नाव नाही. म्हणजे "ऑफिस" असं लिहू नका, "मॅक्रो असलेली एक्सेल फाइल उघडून दुरुस्त करणे" असं लिहा. "फोटोशॉप" नाही, "पासपोर्ट फोटो कापून आठची शीट बनवणे" असं. कारण पहिलं काम खरंच एक्सेलशिवाय अडते अन् दुसरं जिम्प या फुकट फोटो प्रोग्राममध्ये आरामात होते, हे नुसत्या नावावरून कळत नाही.

मग जे ब्राउझरमध्येच होते त्याच्यावर काट मारा. बँक, ईमेल, कॉलेजचं पोर्टल, गुगल डॉक्स, हे फायरफॉक्स नाही तर क्रोम असलं की झालं, कुठल्याही डिस्ट्रोवर. बऱ्याच लोकांची अर्धी यादी इथेच संपते अन् त्यांनी पुढचं एवढं डोकं लावायची गरजच नाही, मिंट टाका अन् मोकळे व्हा.

आता कडू भाग. काही गोष्टी लिनक्सवर येतच नाहीत, कोणत्याच डिस्ट्रोवर नाही. टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड, आजचं कोरल ड्रॉ, यांची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. इतवारीतल्या ज्या दुकानाचा सगळा हिशोब टॅलीत आहे किंवा महालातल्या ज्या डीटीपीवाल्याच्या लग्नपत्रिकेच्या सगळ्या फाइली कोरलमध्ये आहेत, त्याला मी लिनक्स टाका म्हणून कधीच सांगत नाही. वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायच्या साधनावर, चालते म्हणणारे भेटतात, अन् एखादं व्हर्जन चालते पण, पण जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी ते नाही चाललं तर तो सांगणारा फोन उचलणार आहे का? अशांनी एक मशीन विंडोजवरच राहू द्यावी किंवा ड्युअल बूट करावं, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही ठेवावं. कृतीदेव हा नुसता फॉन्ट आहे, तो लिनक्सवर पण बसतो अन् जुन्या फाइली दिसतात, पण नवीन टायपिंग युनिकोडमध्येच करा, त्यासाठी इनस्क्रिप्ट अन् कागपा फोनेटिक असे मराठी कीबोर्ड लिनक्सच्या मूळ कीबोर्ड यादीतच असतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पायरी २: पॅकेजचं नाव शोधा, ते सगळीकडे सारखं नसते

यादीत जे उरलं त्याच्यापुढे आता पॅकेजचं नाव लिहायचं. इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण एकच गोष्ट प्रत्येक डिस्ट्रोत वेगळ्या नावाने बसलेली असते. आपल्या कामाचंच उदाहरण घ्या. स्कॅन केलेल्या मराठी सातबाऱ्यातून नाहीतर जुन्या पुस्तकातून अक्षरं काढायला टेसरॅक्ट म्हणून फुकट प्रोग्राम आहे, त्याला मराठीचा डेटा वेगळा द्यावा लागते. तो डेबियन-उबुंटूत टेसरॅक्ट-ओसीआर-मार या नावाने आहे, फेडोरात टेसरॅक्ट-लँगपॅक-मार, अन् आर्चमध्ये टेसरॅक्ट-डेटा-मार. आता डेबियनचं नाव फेडोरात टाकून शोधलं तर काही सापडणार नाही, अन् माणूस म्हणणार फेडोरात मराठी नाही राजेहो! आहे ना, नाव वेगळं आहे.

यासाठी रेपोलॉजी नावाची साइट आहे, रेपोलॉजी डॉट ऑर्ग. तिथे सॉफ्टवेअरचं मूळ नाव टाकलं की शेकडो रेपोंमध्ये ते आहे का, कोणत्या नावाने आहे, कोणतं व्हर्जन आहे, हे एकाच तक्त्यात येते, नवं असलं तर हिरवं अन् जुनं असलं तर लाल. नुसती ही एक साइट नीट वापरली तरी अर्धा लेख वाचायची गरज नाही. मग खात्री करायला त्या त्या डिस्ट्रोचं स्वतःचं शोधपान पाहा, डेबियनचं पॅकेजेस डॉट डेबियन डॉट ऑर्ग, उबुंटूचं पॅकेजेस डॉट उबुंटू डॉट कॉम, फेडोराचं पॅकेजेस डॉट फेडोराप्रोजेक्ट डॉट ऑर्ग, आर्चचं त्यांच्या मुख्य साइटवरच. मिंटसाठी उबुंटूचं पान चालते, फक्त मिंटचं कोणतं व्हर्जन उबुंटूच्या कोणत्या व्हर्जनवर उभं आहे ते माहीत पाहिजे, मिंट २२ म्हणजे उबुंटू २४.०४.

पायरी ३: आहे, पण कुठून येते?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, हिला वेळ द्या. "मिळते" या एका शब्दात पाच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे उगम लिहा.

एक, डिस्ट्रोचा अधिकृत रेपो. हा उत्तम. पण यात पण थर असतात हे लोक सांगत नाहीत. उबुंटूमध्ये मेन अन् युनिव्हर्स असे भाग आहेत, एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीत, मेनचे सिक्युरिटी अपडेट उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी पाच वर्षं देते, युनिव्हर्समध्ये हजारो पॅकेजेस आहेत पण त्यांची काळजी मुख्यतः कम्युनिटी घेते, अन् त्यांच्या सिक्युरिटी अपडेटची हमी पाहिजे असेल तर उबुंटू प्रो लावावं लागते, ते घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागते. म्हणजे रेपोत नाव दिसलं म्हणून कोणी त्याच्याकडे पाहून राहिलाच असं नाही. पॅकेजच्या पानावर कोणता भाग लिहिला आहे ते पाहात जा.

दोन, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा रेपो किंवा फाइल. क्रोम, व्हीएस कोड, एनीडेस्क, झूम हे लोक डेब अन् आरपीएम अशा दोन प्रकारच्या फाइली देतात. डेब म्हणजे डेबियन घराण्याची, आरपीएम म्हणजे फेडोरा-रेडहॅट-सूसे घराण्याची. क्रोमची डेब टाकली की ती स्वतःचा रेपो पण जोडते म्हणून पुढचे अपडेट आपोआप येतात, पण सगळ्यांचं असं नसते, काही फाइली एकदा बसल्या की तशाच पडून राहतात अन् दोन वर्षांनी कळते की आपण जुनंच वापरून राहिलो. ते टाकायच्या आधी विचारून घ्या. प्रिंटर पण इथेच येतो. एचपीचा ड्रायव्हर एचपीलिप नावाने बहुतेक रेपोत असतो, एप्सनच्या इंकटँकवाल्यांसाठी पण रेपोत ड्रायव्हर आहे, पण आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या झेरॉक्सवाल्याकडे जो कॅननचा एलबीपी २९०० दिसतो त्याला कॅननचा स्वतःचा सीएपीटी ड्रायव्हर लागते, तो कॅननच्या साइटवरून डेब नाहीतर आरपीएम म्हणून घ्यायचा. म्हणजे घरात हा प्रिंटर असला तर आर्चसारख्या तिसऱ्या घराण्यात जायच्या आधी दहा वेळा विचार करा.

तीन, फ्लॅटपॅक अन् स्नॅप. यात सॉफ्टवेअर आपलं सामान सोबत घेऊन येते म्हणून ते कुठल्याही डिस्ट्रोवर चालते, अन् यामुळे डिस्ट्रो-डिस्ट्रोतला फरक खरंच खूप कमी झाला आहे, हे मान्य करायला पाहिजे. फ्लॅटपॅकचं मुख्य दुकान फ्लॅटहब, स्नॅपचं दुकान कॅनॉनिकलचं एकच. पहिल्या वेळी एखादं छोटं ॲप टाकलं तरी सोबत मोठा रनटाइम, म्हणजे लायब्ररींचा गठ्ठा, उतरतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर जपून. दुसरं, हे ॲप पिंजऱ्यात चालते, त्यामुळे फ्लॅटपॅकचं व्हीएस कोड टाकलं अन् सिस्टिमवरचा कंपायलर त्याला दिसतच नाही असं होते, कोडिंगच्या सामानासाठी हा मार्ग मला आवडत नाही. पण जिम्प, इंकस्केप, ब्लेंडर, ऑडॅसिटी यांच्यासाठी झकास. फ्लॅटहबवर नावापुढे व्हेरिफाइडची खूण आहे का ते पाहा, म्हणजे खुद्द बनवणाऱ्याने टाकलं की तिसऱ्याच कोणी पॅक करून ठेवलं ते कळते. मिंट २२ मध्ये तर खूण नसलेली ॲप दुकानात आधी दिसतच नाहीत, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागते. स्नॅपच्या दुकानात २०२४ मध्ये क्रिप्टो वॉलेटची नकली ॲप सापडली होती, म्हणून दुकान अधिकृत आहे एवढ्यावर भागत नाही.

चार, कोणीतरी बाहेरच्याने बनवलेलं. उबुंटूत पीपीए, फेडोरात कॉपर, आर्चमध्ये एयूआर. एयूआरची लोक फार तारीफ करतात अन् खरंच तिथे जगातलं जवळपास सगळं सापडते, पण तिथे तयार पॅकेज नसते, पॅकेज कसं बनवायचं याची कृती लिहिलेली एक फाइल असते, तिला पीकेजीबिल्ड म्हणतात, अन् ती कोणीही टाकू शकतो. जुलै २०२५ मध्ये तिथे फायरफॉक्स, लिब्रवुल्फ अन् झेन ब्राउझरच्या नावाशी मिळतीजुळती तीन पॅकेजेस सापडली, त्यातून मशीनचा ताबा घेणारा व्हायरस बसत होता, दोन दिवसांत काढली त्यांनी, पण ज्याने त्या दोन दिवसांत टाकली त्याचं काय? आर्चवाले स्वतःच सांगतात की फाइल वाचून मगच टाका. तुम्हाला ती फाइल वाचता येत नसेल तर एयूआरला तुमच्या यादीत "मिळते" असं मोजू नका, एवढा नियम पाळा.

पाच, कुठेच नाही, सोर्स कोडवरून स्वतः बनवावं लागते. एखाददुसरं असलं तर ठीक. तीन-चार असले तर डिस्ट्रो चुकली समजा.

मध्येच एक, पॅकेजच्या आकड्यांचं

तुम्हाला कोणीतरी सांगेल की डेबियन १३ मध्ये ६९ हजारांवर पॅकेजेस आहेत अन् आर्चच्या अधिकृत रेपोत त्याच्या पासंगालाही नाही, म्हणून डेबियन मोठं. किंवा निक्स नावाच्या आणखी एका डिस्ट्रोवाला येईल, सांगेल आमच्याकडे लाखाच्या वर आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत अन् दोन्हीचा तुम्हाला उपयोग नाही. डेबियन एकाच सॉफ्टवेअरचे तुकडे करून ठेवते, लिब्रेऑफिसचा रायटर वेगळा, कॅल्क वेगळा, प्रत्येक भाषेचं पॅकेज वेगळं, डेव्हलपर लोकांच्या हेडर फाइली वेगळ्या, कागदपत्रं वेगळी. आर्च तेच बहुतेक एका-दोन पॅकेजात कोंबते. कळमन्याच्या मार्केटात नुसत्या पेट्या मोजून कोणाकडे संत्री जास्त आहेत ते कळत नाही, तसंच हे आहे. तुमच्या कागदावरची दहा-बारा नावं त्यात आहेत की नाहीत, तेवढंच पाहा.

पायरी ४: व्हर्जन

मिळते, अधिकृत रेपोतून मिळते, पण किती जुनं? डेबियन साधारण दोन वर्षांनी नवीन येते अन् मधल्या काळात त्यातली सॉफ्टवेअरं त्याच व्हर्जनवर थांबलेली असतात, फक्त सिक्युरिटीची डागडुजी होते. उबुंटूचं एलटीएस पण दोन वर्षांनी, मिंट त्याच्यावरच उभं. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवीन येते अन् एका आवृत्तीचा सपोर्ट तेरा महिन्यांच्या आसपास चालतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावंच लागते. आर्च अन् ओपनसूसे टम्बलवीड रोलिंग, म्हणजे रोज काही ना काही नवं येतच राहते.

जिम्पचं पाहा. ३.० हे मार्च २०२५ मध्ये आलं, खूप वर्षांनी आलेलं मोठं व्हर्जन. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ते आहे, पण उबुंटू २४.०४ अन् मिंट २२ मध्ये अजून २.१० आहे. ज्याला ३.० पाहिजे त्याने मिंट टाकायचं नाही का? टाका ना, जिम्प फ्लॅटहबवरून घ्या. एका सॉफ्टवेअरसाठी डिस्ट्रो बदलत नसतात.

पण क्यूजीआयएस, म्हणजे जीआयएसचं, कॉम्प्युटरवर नकाशे अन् त्यांची माहिती हाताळायचं सॉफ्टवेअर, त्याचं जरा वेगळं आहे. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, जीआयएस शिकणारी बरीच पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. डेबियन १२ मध्ये ३.२२ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये ३.३४, डेबियन १३ मध्ये ३.४०. आता कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर नवीन व्हर्जन आहे अन् घरी जुनं, तर लॅबमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट घरी उघडताना वॉर्निंग येते, काही गोष्टी गायब पण होऊ शकतात. वरून क्यूजीआयएस हे पायथन, जीडॅल अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरांशी बांधलेलं असते, प्लगइनं त्याच्यावर चालतात, म्हणून ते अधिकृत रेपोतून नाहीतर क्यूजीआयएसवाल्यांच्या स्वतःच्या एपीटी रेपोतून घेतलेलं चांगलं. तो त्यांचा रेपो डेबियन-उबुंटूसाठी आहे, म्हणून जीआयएसवाल्यांनी या घराण्यातच राहावं असं मला वाटते. लॅबमध्ये कोणतं व्हर्जन आहे ते आधी विचारा, मग घरचं ठरवा, उलटं नाही.

अन् काही ठिकाणी तर निवड तुमच्या हातातच नसते. हिंगण्याकडच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात रोबोटिक्सच्या प्रोजेक्टला आरओएस २ हे रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर लागते. त्याचं हम्बल नावाचं व्हर्जन उबुंटू २२.०४ साठी आहे अन् जॅझी २४.०४ साठी, बाकी डिस्ट्रोवर करता येते पण प्रोजेक्टपेक्षा त्याच्यातच सेमिस्टर जाते. नेटवर्किंग शिकायचं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर पण उबुंटूसाठी डेब म्हणून येते. गाइड सरांनी जे व्हर्जन सांगितलं तेच टाका, उगाच हुशारी नको. मोठ्या सायंटिफिक अन् चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरांचं पण तसंच, त्यांच्या पानावर सपोर्टेड ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून दोन-चार नावं असतात, त्यात तुमची डिस्ट्रो अन् तिचा नंबर दोन्ही पाहिजे.

उलट रोज ऑफिस, ब्राउझर, व्हिडिओ, प्रिंट एवढंच ज्याचं काम आहे त्याला जुनं व्हर्जन म्हणजे आशीर्वाद आहे. आज जे बटन जिथे आहे ते दोन वर्षांनी पण तिथेच असते, घरच्या बाबांना परत शिकवावं लागत नाही.

पायरी ५: आता घराणं निवडा

कागदावर आता प्रत्येक नावापुढे उगम अन् व्हर्जन आलं. ज्या डिस्ट्रोत "एक" जास्त अन् "चार-पाच" कमी ती निवडायची, बस. तरी माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

घरच्या मशीनला, दुकानाच्या साध्या कामाला मिंट. उबुंटूचं सगळं भांडार मिळते, कंपन्यांच्या डेब चालतात, फ्लॅटहब आधीच जोडलेलं असते, अन् स्नॅप बंद असते. उबुंटूत एक गंमत आहे, एपीटीने फायरफॉक्स मागितलं तरी आत स्नॅपच बसते, क्रोमियमचं पण तेच, काहींना चालते, काहींच्या जुन्या मशीनवर ते सुरू व्हायला वेळ लागते. मिंट फायरफॉक्स अन् क्रोमियम दोन्ही स्वतः डेब म्हणून देते.

कॉलेजच्या, आरओएसच्या, सर्व्हर शिकायच्या कामाला सरळ उबुंटू एलटीएस, कारण इंटरनेटवरची निम्म्याच्या वर मदत त्यालाच धरून लिहिलेली असते.

ज्याला शांतता पाहिजे त्याला डेबियन. १२ पासून वायफायचे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते, पूर्वीसारखं पेनड्राइव्ह घेऊन फिरावं लागत नाही. मध्येच एखादं नवीन व्हर्जन लागलं तर बॅकपोर्ट्स नावाचा त्यांचाच रेपो आहे, तिथे काही निवडक नवीन पॅकेजेस जुन्या आवृत्तीसाठी बनवून ठेवलेली असतात. पण एक गोष्ट अजिबात करायची नाही, डेबियनमध्ये उबुंटूचा पीपीए जोडायचा नाही अन् स्टेबल, म्हणजे पक्क्या आवृत्तीत, सिड ही त्यांची कच्ची आवृत्ती मिसळायची नाही. लायब्ररींची व्हर्जनं जुळत नाहीत, आज चालते, अन् तीन महिन्यांनी अपडेट करताना एपीटी म्हणते एवढी दोनशे पॅकेजेस काढू का. डेबियनच्या विकीवर यावर वेगळं पानच आहे, डोन्ट ब्रेक डेबियन नावाचं, टाकायच्या आधी वाचून घ्या.

कोडिंग करणाऱ्याला, ज्याला नवीन कंपायलर, नवीन ग्नोम डेस्कटॉप पाहिजे पण रोजची कटकट नको, त्याला फेडोरा. फक्त हे माहीत असू द्या की पेटंटच्या भानगडीमुळे बऱ्याच व्हिडिओ फॉरमॅटचे कोडेक, म्हणजे ते फॉरमॅट चालवणारे प्रोग्राम, अन् सोर्स कोड पूर्ण खुला नसल्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्यांच्या मुख्य रेपोत नसते. कोडेकसाठी आरपीएम फ्यूजन नावाचा बाहेरचा रेपो जोडायचा, एनव्हिडियाचा ड्रायव्हर पण तिथेच मिळते, जवळपास सगळेच जोडतात, तो भरवशाचा आहे, मी त्याला "चार" मध्ये मोजत नाही. ओपनसूसेत त्याच कामाला पॅकमन आहे, आर्चच्या पॅकमॅनशी त्याचा काही संबंध नाही.

आर्च, मांजारो, एंडेव्हर हे शिकायला मस्त, पण पहिली डिस्ट्रो म्हणून नाही. परीक्षेच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीत तीन महिने मशीन बंद राहिली अन् मग एकदम अपडेट मारला तर पॅकेजवरच्या सह्या तपासायच्या किल्ल्याच जुन्या झालेल्या असतात अन् पॅकेज नाकारते, आधी आर्चलिनक्स-कीरिंग अपडेट करावं लागते, मग बाकीचं. अन् तिथे एकच पॅकेज नवं करून बाकीचं जुनं ठेवणं चालत नाही, सगळं किंवा काहीच नाही.

फार जुनं ३२ बिटचं मशीन असलं तर प्रश्न लवकर सुटते, कारण पर्याय फारसे उरले नाहीत. उबुंटू, फेडोरा, आर्चने ते केव्हाच सोडलं, डेबियन १३ ला पण त्याचा इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ चालेल, त्याचा एलटीएस सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे.

पायरी ६: लाइव्ह पेनड्राइव्हवर खरंखोटं करा

वेंटॉय हा पेनड्राइव्हवरून बूट करून देणारा प्रोग्राम टाकलेल्या एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोन-तीन डिस्ट्रोंच्या आयएसओ फाइली कॉपी करा, बूट करताना यादी येते, पाहिजे ती निवडा. डिस्कला हात न लावता लाइव्हमध्ये सुरू करा, इंटरनेट जोडा, अन् तिथेच पॅकेज शोधा. एपीटी असलं तर एपीटी अपडेट करून मग एपीटी पॉलिसी अन् पुढे पॅकेजचं नाव, म्हणजे कोणतं व्हर्जन कोणत्या रेपोतून येणार ते लिहून येते. फेडोरात डीएनएफ इन्फो. लाइव्हमध्ये प्रत्यक्ष इन्स्टॉल पण करता येते, ते रॅममध्येच राहते अन् बंद केलं की जाते, फक्त रॅम कमी असली तर क्यूजीआयएससारखं मोठं टाकून पाहू नका, अर्ध्यात भरते. हेच वायफाय, प्रिंटर, वेबकॅम, आवाज तपासायचं ठिकाण. मराठी कीबोर्ड जोडून चार ओळी टाइप करून पाहा, जोडाक्षरं नीट दिसतात का पाहा, बहुतेक डिस्ट्रोत नोटो किंवा लोहित फॉन्ट आधीच असतात.

अन् सगळं जुळलं पण एकच काहीतरी दुसऱ्याच डिस्ट्रोत आहे, असं झालं तर डिस्ट्रोबॉक्स शोधा. त्याने मिंटच्या आत फेडोरा किंवा आर्चचा एक डबा चालवता येतो, त्यातलं सॉफ्टवेअर तुमच्या मेन्यूत आणता येते, घरची फोल्डरं त्याला दिसतात, अन् मूळ सिस्टिम खराब होत नाही. पहिल्याच दिवशी नाही, महिनाभराने करा.

पायरी ७: टाकल्यावर

इन्स्टॉल झालं की आधी अपडेट, मग यादीतली नावं एका दमात टाका, शक्य तेवढी अधिकृत रेपोतून. बाहेरचा जो जो रेपो जोडाल त्याचं नाव अन् कशासाठी जोडला ते त्याच कागदावर लिहून ठेवा. कारण उबुंटू किंवा मिंटचं पुढचं मोठं व्हर्जन घेताना हे बाहेरचे रेपो बंद केले जातात, अन् मग कोणतं सॉफ्टवेअर अपडेट होणं थांबलं ते तुम्हालाच शोधावं लागते. एपीटी-मार्क शोमॅन्युअल ही कमांड चालवली की तुम्ही स्वतः टाकलेल्या अन् इन्स्टॉलरने सुरुवातीला टाकलेल्या पॅकेजेसची यादी येते, ती एका फाइलीत सेव्ह करून गुगल ड्राइव्हवर टाका, फ्लॅटपॅकची यादी फ्लॅटपॅक लिस्टने वेगळी काढा. डिस्क गेली किंवा मशीन बदलली तर त्याच फाइलीवरून तासाभरात परत सगळं बसते, फक्त घराणं तेच ठेवा, डेबियनच्या यादीतली नावं फेडोरात चालणार नाहीत.